डॉक्टरीण आणि पेशंट



आल्फ्रेड हिचकॉकचा १९४५ सालचा ‘स्पेलबाउंड’ नागोठण्यातल्या आपल्या गटानं नुकताच एकत्र बसून पाहिला. भाषा इंग्रजी, त्यामुळे थांबवत थांबवत, मराठीत सांगत. खुनाचा संशय आणि स्मृती हरवलेला नायक (ग्रेगरी पेक). त्याला बरं करणारी मनोविश्लेषक बाई (इन्ग्रिड बर्गमन). तो रात्री वस्तरा हातात घेऊन जिना उतरतो तेव्हा आमच्यातल्या दोघींनी डोळे मिटले. साल्वादोर दालीनं रचलेलं स्वप्न मात्र बहुतेकींना कंटाळवाणं वाटलं. असो.

खरी चर्चा रंगली ती डॉक्टरणीवर. ती कामात गर्क, तर सहकारी तिला कोरडी म्हणतात. प्रेमात पडते, तर तिचे वृद्ध गुरूच म्हणतात की आता हिची बुद्धी चालायची नाही. आणि खुनी शोधून काढते तीच!

मग एकजण म्हणाली, “पेशंट पुरुष होता म्हणून एवढी धावपळ. बाई असती तर भगताकडे नेली असती.”

हसलो, पण यात खोटं काय? आपल्या १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये झपाटलेली ती बाईच. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतही क्रम ठरलेला: झोप नाही, एकटीच बडबडते; आधी अंगारा, मग माहेरी पाठवणी, आणि शेवटी नवऱ्याच्या वकिलाकडे तिच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. सिनेमात लहानपणची एक दडलेली आठवण सापडते आणि माणूस बरा होतो. आमच्या बायकांच्या दुखण्याचं कारण दडलेलं नसतंच, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसता आजार पुरत नाही. एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका तो गंभीर आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो की आजाराचं निदान झालं म्हणून कुणी ‘वेडी’ ठरत नाही, ते ठरवणं सक्षम न्यायालयाचं काम. याच कायद्यानं आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क पेशंटला दिला आहे. तेव्हा दवाखान्यात गेलात तर केसपेपरची एक प्रत मागून घ्या, आणि ती सासरच्या कपाटात नको, आपल्या विश्वासातल्या बाईकडे ठेवा.