थिजलेली उंची

मेळघाटात किंवा मोखाड्यात बालमृत्यू झाले की विधिमंडळात गदारोळ होतो, मंत्र्यांचे दौरे निघतात, ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) बालकांच्या याद्या मागवल्या जातात. पावसाळा सरला की सारे शांत. जी मुले मरत नाहीत, नुसतीच खुरटतात, त्यांच्यासाठी सभागृह बंद पडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने ही मुले मोजली आहेत. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या ४६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. २०१९-२१ च्या फेरीत ते ३५ टक्के भरले. दहा वर्षे उतरत आलेला आकडा जागीच थिजला, ही धोक्याची घंटा आहे.

तो उतार आपोआप आला नव्हता. २००५ साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभारले आणि पुढे गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर भर दिला. खुरटणे ठरते ते याच काळात. आईच्या अंगात रक्त नाही, बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न उशिरा आणि पातळ, त्यात वरचेवर जुलाब. तिसऱ्या वर्षी ते मूल अंगणवाडीत खिचडी खायला येते तेव्हा गेलेली उंची भरून काढणे फार कठीण झालेले असते. मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळही तोवर निसटलेला असतो. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया आजही रक्तक्षयी आहेत, हे इथे विसरून चालणार नाही.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून जेवणाची थाळी देणारी अमृत आहार योजना आहे. कल्पना उत्तम. पण ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या बाईच्या मागे ही थाळी जात नाही, आणि बिगरआदिवासी गरीब तालुक्यांत ती मुळातच नाही. थाळीचा दर बाजारभावाशी बांधा, ती फडावर आणि भट्टीवर पोहोचवा.

आणि उंची नीट मोजा. तान्ह्या बाळाला सरळ धरून माप घ्यायला दोन माणसे लागतात; अंगणवाडीताईला मदतनिसाची जोड आणि सराव हवा. जिल्हावार आकडे दरवर्षी विधिमंडळात मांडा आणि त्यांचा जाब जिल्हाधिकाऱ्यांना विचारा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी सरकारने हे निर्णय घ्यावेत.