आयोग परीक्षा घेतो, जागा सरकार ठरविते



धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांतून पदवीधर मुलामुलींची संख्या आता थोडी नाही. या घरांत ज्या संस्थेचे नाव नित्य निघते ती संस्था म्हणजे लोकसेवा आयोग. मुलाची निवड झाली तर आयोगाची कृपा झाली असे आपण म्हणतो, आणि निवड झाली नाही तर आयोगानेच घात केला असे म्हणतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आयोग कृपा करण्यासाठी नेमलेला नाही. आणि ज्या गोष्टींबद्दल आपण त्यास दोष देतो, त्यांतील पुष्कळशा त्याच्या हाती मुळी नाहीतच. जो मनुष्य चुकीच्या दारी दाद मागत बसतो, त्याची मुदत तेथेच टळून जाते, आणि योग्य दारी तो पोहोचतो तेव्हा ते दार बंद झालेले असते. यास्तव या आयोगाची रचना काय, त्याचे अधिकार कोणते आणि आपल्या हक्काची किल्ली नेमकी कोणाच्या हाती आहे, हे प्रत्येक घराने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम आयोगाचा जन्म कशासाठी झाला ते पाहू. पूर्वी सरकारी नोकरी ही ओळखीपाळखीची आणि सोयऱ्याधायऱ्यांची मिरास होती. ज्याचा चुलता कचेरीत बसला असेल, तो तेथे बिनपगारी उमेदवारी करी आणि पुढे जागा रिकामी होताच तिला चिकटे. गावाचा सारा तालुक्यास पोहोचविताना सोबतीस महारच लागे. परंतु त्या पैशाचा हिशेब लिहिण्याच्या गादीवर त्यास कोणी बसविले नाही. त्याच्या पायांवर सरकारचा विश्वास होता, लेखणीवर नव्हता. वशिल्याची ही पद्धत मोडण्यासाठी स्वतंत्र मंडळ हवे, अशी शिफारस ली आयोगाने १९२४ मध्ये केली आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी पहिला लोकसेवा आयोग स्थापन झाला. १९३५ च्या कायद्याने १९३७ मध्ये त्याचा संघीय लोकसेवा आयोग झाला, प्रांतांनाही आयोग मिळाले, आणि २६ जानेवारी १९५० पासून केंद्रीय लोकसेवा आयोग राज्यघटनेच्या आधाराने उभा आहे.

परंतु परीक्षा खुली झाली म्हणजे दार सर्वांस उघडले, असे होत नाही. ज्यास शाळेचाच उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यास परीक्षेचे आमंत्रण देऊन काय उपयोग? ही गोष्ट बाबासाहेबांनी ओळखली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. आज केंद्रात हे प्रमाण १५ टक्के आणि महाराष्ट्राच्या सेवांत १३ टक्के आहे. निःपक्षपाती परीक्षा आणि राखीव जागा ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत. पहिले अंग आयोगाकडे सोपविलेले आहे. दुसरे त्याच्याकडे नाही. हा भेद वाचकांनी पक्का ध्यानी ठेवावा.

आता रचना पाहा. घटनेच्या ३१५ ते ३२३ या कलमांत ती सांगितली आहे. केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष व सदस्य राष्ट्रपती नेमतात; राज्याच्या आयोगाचे राज्यपाल नेमतात. शक्यतो निम्मे सदस्य किमान दहा वर्षे सरकारी सेवेत राहिलेले असावेत, अशी अट आहे. मुदत सहा वर्षांची. परंतु केंद्रात वयाच्या ६५ व्या व राज्यात ६२ व्या वर्षी ती संपते. ज्या राज्यपालाने सदस्य नेमला, तो त्यास काढू मात्र शकत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर सर्वोच्च न्यायालयाने चौकशी करून अभिप्राय द्यावा लागतो आणि त्यानंतर राष्ट्रपतीच त्यास दूर करू शकतात. केंद्रीय आयोगाच्या अध्यक्षास पुढे कोणतीही सरकारी नोकरी स्वीकारता येत नाही. आयोगाचा खर्च संचित निधीवर टाकलेला असल्यामुळे विधिमंडळाच्या मतदानावर तो अवलंबून नसतो. भीती आणि लोभ या दोन्हींपासून सदस्य मुक्त राहावा, हाच या तरतुदींचा हेतू आहे.

मग उणीव कोठे आहे? नेमणुकीच्या क्षणी आहे. सदस्य एकदा बसला म्हणजे तो सुरक्षित आहे. परंतु त्यास बसविण्यापूर्वी कोणती पारख करावी, हे घटनेने फारसे सांगितलेले नाही. पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे स्पष्ट केले, की आयोगाच्या अध्यक्षाची सचोटी व योग्यता यांचा विचार न करता केलेली नेमणूक टिकणार नाही. अनुसूचित जातींचा एक तरी सदस्य आयोगावर असावा, अशी अट घटनेत नाही. मुलाखतीच्या मेजापलीकडे कोण बसले आहे, हा प्रश्न आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे. नेमणुका होतात तेव्हा आपले प्रतिनिधी विधिमंडळात हा प्रश्न विचारतात काय, याकडे मतदार म्हणून आपण लक्ष दिले पाहिजे.

अधिकारांविषयी ३२० वे कलम मुख्य आहे. सेवाप्रवेशाच्या परीक्षा घेणे हे आयोगाचे कर्तव्य आहे. भरतीची पद्धत, बढती व बदली यांची तत्त्वे आणि शिस्तभंगाची प्रकरणे यांत सरकारने आयोगाचा सल्ला घ्यावा, असे तेथे म्हटले आहे. परंतु तो सल्लाच होय. तो न घेतल्याने सरकारचा निर्णय आपोआप रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात १९५७ मध्ये ठरविले. मात्र आयोगाचा सल्ला जेथे नाकारला, तेथे त्याची कारणे आयोगाच्या वार्षिक अहवालासोबत सभागृहापुढे ठेवणे ३२३ व्या कलमान्वये सरकारवर बंधनकारक आहे. हे अहवाल आपल्यापैकी किती जण वाचतात?

याच ३२० व्या कलमाचे चौथे पोटकलम आपण पाठ करून ठेवावे असे आहे. १६ (४) खालील राखीव जागा कशा ठेवाव्यात आणि ३३५ व्या कलमातील अनुसूचित जातींच्या हक्काची अंमलबजावणी कशी करावी, याबद्दल आयोगाचा सल्ला घेण्याची आवश्यकता नाही, असे ते सांगते. म्हणजे आरक्षण हा विषय सरकारचा आहे. कोणत्या खात्यात किती जागा रिकाम्या आहेत, त्यांतील किती अनुसूचित जातींच्या आहेत, हे ते खाते बिंदुनामावलीवरून ठरविते आणि तसे मागणीपत्र आयोगाकडे धाडते. मागणीपत्रात आपली जागा नसेल तर आयोग ती निर्माण करू शकत नाही. मागणीपत्रच गेले नाही तर परीक्षाच होत नाही. आपला अनुशेष साचतो तो बहुधा खात्याच्या दप्तरात. यास्तव जाहिरात निघाल्यावर ओरड करण्यापेक्षा, जाहिरातीपूर्वी बिंदुनामावली तपासली गेली काय आणि रिक्त जागा किती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या त्या खात्यास विचारावे. कर्मचारी संघटनांनी तर हे काम दरवर्षी नियमाने करावे.

याहून मोठे संकट आयोगाला वळसा घालून येते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुणांचा रोष पाहून ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आयोगाने सहसचिव, संचालक व उपसचिव दर्जाच्या ४५ जागा बाहेरील तज्ज्ञांतून भरण्यासाठी जाहिरात दिली. प्रत्येक जागा सुटी मानल्यामुळे तीत आरक्षण नव्हते. तीन दिवसांत सरकारच्या विनंतीवरून ती मागे घेण्यात आली. या दुसऱ्या उदाहरणाचे मर्म लक्षात घ्या. येथे आयोग होता, जाहिरात होती, निवडीची पद्धतही होती; परंतु आपली जागा नव्हती, कारण ती ठेवणे न ठेवणे आयोगाच्या हाती नव्हते. दोन्ही वेळा निर्णय फिरला तो लोकांनी वेळीच आवाज उठविला म्हणून. कंत्राटाने भरलेली जागा ही बिंदुनामावलीतून गळालेली जागा होय, आणि अशी गळती बहुधा गाजावाजा न करता होते.

आता नवदीक्षित कुटुंबांना एक निकडीची सूचना. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ मध्ये शीख धर्मीयांना तीतून मोकळीक मिळाली. त्याच वर्षी आपण धम्म स्वीकारला आणि केंद्रीय सेवांतील राखीव जागांना मुकलो. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर आपल्या सेवांपुरत्या सवलती दिल्या. केंद्राचे दार उघडण्यास १९९० चा कायदा व्हावा लागला. मधल्या चौतीस वर्षांत अनेकांनी मनाने बौद्ध राहून कागदावर जुना धर्म लिहिला. पोटच्या मुलांच्या भवितव्यासाठी त्यांनी ते केले. त्यांस दोष देण्याचा अधिकार आज कोणासही नाही. परंतु १९९० नंतर तसे करण्याचे कारण उरलेले नाही. धर्म बौद्ध लिहावा. जातीच्या दाखल्यावर मात्र अनुसूचित जातींच्या यादीतील मूळ जातीची नोंद असणे आवश्यक आहे, कारण कायद्याचा हक्क त्या यादीवर आधारलेला आहे. ज्याची मूळ जात त्या यादीत नाही, त्यास केवळ धर्मांतराने हा हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट असावे.

पडताळणी समिती महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद, यांच्या नकला मुलगा दहावीत असतानाच मिळवून ठेवाव्यात. निवड झाल्यावर धावपळ करणाऱ्याची नेमणूक कागदाअभावी अडकते आणि मग दोष पुन्हा आयोगास दिला जातो.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवावी. राखीव जागा ही आपल्या उडीची मर्यादा नव्हे. कोणतीही सवलत न घेता गुणवत्तेने वर आलेला आपला उमेदवार खुल्या जागेवर मोजला जातो, राखीव जागेत नव्हे, हे १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यापासून मान्य झालेले तत्त्व आहे. तसा एकेक उमेदवार खुल्या यादीत गेला की आपल्याच एका भावंडास राखीव जागा मोकळी होते. केंद्रीय आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते. अनुसूचित जातींच्या उमेदवारास तेथे परीक्षेचे शुल्क नाही. सर्वसाधारण उमेदवाराची वयोमर्यादा ३२, आपली ३७. हे ठाऊक नसल्यामुळे खेड्यातील किती तरी हुशार मुले अर्जही करीत नाहीत.

तेव्हा वाचकहो, प्रत्येक विहाराने दोन कामे हाती घ्यावीत. गावातील परीक्षार्थींच्या कागदपत्रांची यादी करून ती पुरी करून द्यावी. आणि तालुका व जिल्ह्याच्या कचेऱ्यांतील रिक्त राखीव जागांची माहिती वर्षातून एकदा लेखी मागवावी. या कामास पैसा फारसा लागत नाही; चिकाटी लागते. आयोग निःपक्षपाती राहावा म्हणून घटनाकारांनी त्याभोवती भक्कम कुंपण घातले. राखीव जागांभोवती पहारा ठेवण्याचे काम मात्र ज्यांच्या त्या जागा आहेत, त्यांच्यावरच येऊन पडते. ते आपण केले नाही, तर दुसरे कोणी करणार नाही.