फेस कोणत्या पाण्याचा?

विलायतेत नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीस मला दाढीचा एक ब्रश आणून दिला, आणि तो हाती ठेवताना, इनामाची जुनी सनद वाचून दाखवावी तशा गांभीर्याने, त्याची कुळकथाही ऐकविली. बॅजर नावाचा बिळात राहणारा एक प्राणी असतो. त्याच्या केसांत ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’ अशा चढत्या पायऱ्या असतात. आणि या उतरंडीच्या शिखरावर, ज्याचा मध्य काळसर पण अग्र रुपेरी असा ‘सिल्व्हरटिप’ केस विराजमान असतो. या प्रतवारीस कोणत्याही दफ्तराचा आधार नाही, ज्या त्या कारखानदाराचा शब्द हाच दाखला, हे त्याने मागाहून, जरा खालच्या आवाजात, कबूल केले. किंमत त्याने सांगितली नाही, त्यावरून ती काय असावी हे मी ओळखले.

स्वहस्ते श्मश्रू करण्याची सवयच मुळी मला उतारवयात जडली. २०२० साली टाळेबंदीत केशकर्तनालये बंद झाली आणि २८ जूनला ती पुन्हा उघडली तेव्हाही परवानगी केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरतीच होती, दाढीस मनाई कायम होती. तेव्हा आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात हनुवटी देऊन डोळे मिटणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना बारामतीच्या बाजारातून नायलॉनचा ब्रश आणि वाटीतला गोल साबण घेणे भाग पडले. त्या गरिबाघरच्या ब्रशाने चार-पाच वर्षे चाकरी केली. आता त्याच्या जागी रुपेरी शेंड्याचे हे खानदानी पात्र आले, आणि इंदापूर तालुक्यातील आमच्या वस्तीवर मी मोठ्या अपेक्षेने त्याचा पहिला प्रयोग केला.

प्रयोग साफ फसला. ब्रश भिजविला, साबणावर अर्धा मिनिट फिरविला, वाटीत घोळला. पण वाटीत जे जमले ते फेस नव्हे, करड्या रंगाचा चिकट साका होता, जो गालावर लावताच बुडबुड्यांनी तडतडून वाळून गेला. दोष माझ्या मनगटाचा असेल म्हणून मी आठवडाभर चिकाटी धरली. अखेर ब्रश खिशात घालून गावातल्या आमच्या नेहमीच्या कारागिराकडे गेलो. त्याने तो बोटांवर दाबून पाहिला, गालावरून फिरविला आणि परत देत म्हणाला, “बुरूस राजा हाय, अण्णा. पाणी जड हाय तुमच्या बोअरचं. डाळ शिजती का त्यात?”

डाळ शिजत नव्हती. त्याबद्दल घरात रोज तक्रार चाले, आणि त्या तक्रारीचा माझ्या हनुवटीशी काही संबंध असेल हे मला सुचले नव्हते. रसायनशास्त्र मात्र त्या कारागिराच्या बाजूचे आहे. काळ्या पाषाणाच्या फटींतून खोल झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात; साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा साका बनतो, आणि ते क्षार संपेपर्यंत फेसाच्या वाट्याला साबण उरतच नाही. ॲबर्डीनच्या टॉमस क्लार्क या रसायनज्ञाने १८४१ च्या सुमारास पाण्याचा जडपणा मोजण्याची रीतच यावर बसविली: साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालीत जावे आणि टिकाऊ फेस येईपर्यंत किती लागले ते मोजावे. म्हणजे वाटी-ब्रश घेऊन आरशापुढे बसणारा प्रत्येक गृहस्थ, नकळत, पाण्याची तपासणीच करीत असतो.

पुढल्या खेपेस बारामतीस मुलाकडे मुक्काम पडला. तेथे नळाला कालव्याचे पाणी येते. तोच ब्रश, तोच साबण. पण या वेळी ब्रश कोमट पाण्यात बुडवून, दोनदा झटकून, साबणावर हलकेच फिरविला आणि वाटीत एकेक थेंब वाढवीत घोळू लागलो, तेव्हा प्रथम पातळ दुधासारखे, मग घुसळलेल्या ताकावरच्या फेणीसारखे, आणि अखेरीस चक्का फडक्यातून काढताना दिसतो तसे घट्ट, चकचकीत, एकही मोठा बुडबुडा नसलेले द्रव्य त्यातून उतरले. डुकराच्या राठ केसाच्या ब्रशात केसच पाणी पितो. बॅजरच्या ब्रशात ते केसाकेसांच्या मधल्या जागेत साठून राहते व मागितल्यासरशी परत मिळते, ही त्याची खरी करामत, आणि ती मी नाकारीत नाही. ओठांवरही फेस चढल्यामुळे बोलणे बंद झाले, आणि कऱ्हेकाठच्या या गावात बसून मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, त्यांत एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओठास ओठ न लावता म्हणता येईल असे, रचले, याचे मर्म मला त्या क्षणी उमगले. तोंडभर फेस असताना म्हणता येईल असे दुसरे काव्य मराठीत बहुधा नाही.

दुसऱ्या दिवशी, केवळ शंकानिरसनार्थ, मुलाच्या मोरीतला पन्नास-साठ रुपयांचा नायलॉनचा ब्रश मी त्याच पाण्यात फिरविला. फेस आला. जरा उशिरा, जरा कमी मऊ, पण आला. येथे माझा निकाल ठरला. मौल्यवान केसांवर द्रव्य वेचण्यापूर्वी मनुष्याने आपले पाणी पाहावे. पाणी हलके असेल तर साधा ब्रश पुरतो आणि जड असेल तर रुपेरी शेंडाही काही करू शकत नाही. त्यातून हे केस काही आकाशातून पडत नाहीत. त्यांचा बहुतेक पुरवठा चीनमधून, मारलेल्या जनावरांच्या कातड्यांवरून येतो. मुंगसाच्या केसांचे चित्रकाराचे कुंचले आपण कायद्याने निषिद्ध ठरविले, आणि परक्या मुलखातला प्राणी मात्र केवळ दृष्टीआड आहे म्हणून चालावा, हा न्याय मला पटत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांतून इंग्लंड-अमेरिकेत काळपुळी पसरली व माणसे दगावली, हाही इतिहास आहे. आज मऊ कृत्रिम तंतूंचे ब्रश मिळतात; मी पुन्हा घेतला तर तोच घेईन. भेट मिळालेला मात्र वापरतो. पुतण्याचे मन मोडवत नाही.

आमच्या लहानपणी बलुत्यावर येणारा न्हावी धोकटी उलगडून बसे तेव्हा तिच्यात वस्तरा, कातर, नराणी, आरसा, पाण्याची वाटी असे. ब्रश नसेच, पुष्कळदा साबणही नसे. तो दोन बोटे पाण्यात बुडवून पाच-पाच मिनिटे दाढी चोळी, आणि तेवढ्याने खुंट नरम पडत. आजोबा त्याला बंबातले ऊन पाणी तांब्यात काढून, निवळू देऊन, वरचेच देत. तांब्याच्या त्या बंबात आतून पांढरे पुट चढलेले असे. पाणी उकळताना त्यातला काही जडपणा त्या पुटाच्या रूपाने मागे राहतो, हे कारण आजोबांना ठाऊक नव्हते, पण शिरस्ता बरोबर होता. बोअरच्या पाण्यातील सल्फेट-क्लोराइडांचा जडपणा मात्र उकळूनही जात नाही. पावसाचे पाणी सर्वांत हलके. पण आमचा मुलूख पर्जन्यछायेचा, आणि त्यातही श्रावणात पागोळ्यांखाली घागर भरावी तर श्रावण पाळणाऱ्याने दाढीच करावयाची नसते.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली ती. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. भाटघरच्या जलाशयात सह्याद्रीवरचे पावसाचे हलके पाणी साठते, ते या कालव्याने बारामती-इंदापूरच्या शेतांत येते, आणि त्यातले सर्वाधिक कोण पिते हे माळेगावपासून भवानीनगरपर्यंत ज्याने उसाचे फड पाहिले त्यास सांगावयास नको. पिकाला पाटाचे गोडे पाणी आणि वस्तीवरच्या माणसाला तीनशे-चारशे फूट खोल बोअरचे जड पाणी, अशी ही वाटणी आम्ही स्वतःच्याच बांधावर, कोणाच्याही हुकुमावाचून, करून ठेवली आहे. मीही उसाचाच खातेदार आहे, तेव्हा या कैफियतीत वादी व प्रतिवादी दोन्ही मीच. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा मार्गच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. आमच्या ग्रामपंचायतीने गावातील प्रत्येक बोअरचा हा आकडा फळ्यावर लिहावा, आणि पाटाच्या आवर्तनातून वस्त्यांच्या टाक्या उसाआधी भराव्या, असा अर्ज मी दिला आहे. पोच मिळाली आहे.

तोवर बारामतीहून येताना मी पाण्याचा एक कॅन गाडीत टाकून आणतो. तो घरात येताच सूनबाई आधी डाळीचे पातेले पुढे करते, मग चहाचे. तळाला वाटीभर उरले तर ब्रशाचा नंबर लागतो.