किल्ली कुणाच्या कमरेला?



ऐन थंडीत रात्रीच्या गाडीनं पूर्णा जंक्शनला उतरलो. इथून एक रूळ परभणीला जातो, एक नांदेडला, एक हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला. वाटा तीन. तरी प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या माणसाला जायला जागा नाही.

एका संस्थेची मंडळी ब्लँकेटं वाटत होती. पुढं फोटोवाला, मागं ब्लँकेटवाला. एका म्हाताऱ्याला फोटोसाठी दोनदा उठवून बसवलं. मंडळी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, ऊब आली का?"

"आली लेकरा. पन दिवसा हे ठिवू कुठं? मागं ह्याह्यनीच केळ्याचा गाडा दिलता. गाडा संस्थेचा, हिसाब संस्थेचा. चार दिस तापानं पडलो तं गाडा दुसऱ्याला. अन् पेपरात म्हनं मी स्वावलंबी!"

साला, म्हाताऱ्यानं सगळ्या वार्षिक अहवालांचा निकालच लावला.

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर माणसं बेघर म्हणून नोंदली गेली, महाराष्ट्रात दोन लाखांवर. रस्त्याकडेला, पुलाखाली, पाइपात, प्लॅटफॉर्मवर झोपणारी. ही काय आळसानं इथं आली? ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचं खोपटं गायरानावर, त्याला गाव सुटायला एक दुष्काळ पुरतो. आणि शहरात आला की १९५९चा भीकबंदीचा कायदा वाट बघत असतो. भीक मागताना सापडला की १ ते ३ वर्षं डांबा! म्हणजे एक तर दया करायची, नाही तर कोंडून घालायचं. माणूस म्हणून हक्क द्यायचा, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

एकाच्या डोक्यात आलं होतं. गाडगेबाबा. परिटाच्या घरात जन्मलेले, हाती खराटा, डोक्यावर गाडगं. फुकट खायचे नाहीत. आधी गाव झाडायचे, मग भाकर. ज्या पंढरपुरात आपल्या बापजाद्यांना टेकायला ओसरी मिळत नव्हती, तिथं त्यांनी धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. पुढं १९४९ साली ती इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, पोरांच्या वसतिगृहासाठी. विश्वस्त म्हणून गादीला चिकटून बसले नाहीत. किल्लीच देऊन टाकली!

याला म्हणतात मदत. किल्ली आपल्या कमरेला ठेवून दुसऱ्याला स्वावलंबी म्हणणं ही मालकी झाली.

आणि आपण तरी कोण लागून गेलो? १४ एप्रिलला आपणही बॅनर लावून पुरीभाजी वाटतोच की. आपला हात वर, घेणाऱ्याचा खाली. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

तेव्हा हिशेब मागा, त्यांच्याकडं आणि स्वतःकडंही. ब्लँकेटं किती वाटली ते नको. गाडा किती जणांच्या नावावर झाला? रेशनकार्ड, बँकेचं खातं, लिहायला एक पत्ता किती जणांना मिळाला? तुमच्या कमिटीत प्लॅटफॉर्मवर रात्र काढलेला एक तरी माणूस आहे का?

ब्लँकेट द्या, जरूर द्या. थंडी आपल्या चर्चेसाठी थांबत नाही. पण सोबत कुलपाची एक पेटी द्या, अन् तिची किल्ली म्हाताऱ्याच्या करदोड्याला बांधा. तोवर स्वावलंबन हा शब्द तोंडातून काढू नका.

जयभीम!