शट-ऑफ हेडचा रकाना

साखर कारखान्यांकडून मळीच्या पंपांच्या निविदा निघू लागल्या, आणि त्यासोबत वाचकांची पत्रेही. तक्रार एकच. मागणी गिअर किंवा लोब पंपाची, पण तांत्रिक तक्ता सेंट्रिफ्युगलचा. त्यात ‘इंपेलरचा व्यास’ आहे, ‘शट-ऑफ हेड’ही आहे. ज्यांनी तिथे ‘लागू नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले, त्यांचे लिफाफे अपूर्ण म्हणून बाद झाले. ज्यांनी एक आकडा ठोकून दिला, ते पात्र ठरले.

हे संतापजनक आहे. आपला पंप दर फेऱ्याला ठरलेले माप पुढे ढकलतो. दाब किती चढायचा ते पुढची लाइन ठरवते. डिलिव्हरी बंद केली तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाब चढतो. व्हॉल्व्ह नसेल तर मोटर ट्रिप होते, नाहीतर कपलिंग, शाफ्ट, केसिंग यांतले जे कमकुवत ते तुटते. म्हणजे त्या रकान्यातला आकडा फार तर स्प्रिंगचे सेटिंग. आणि तोही मीटरमध्ये हवा! १० बार म्हणजे पाण्याचे १०२ मीटर, पण १.४ विशिष्ट गुरुत्वाच्या मळीचे जेमतेम ७३. कोणत्या द्रवाचे मीटर, हे तक्ता विचारतच नाही.

तपासणीची तऱ्हा याहून वाईट. दाट मळीसाठी क्लिअरन्स वाढवलेला पंप पाण्यावर चालवायला लावतात. पातळ द्रवात स्लिप वाढणारच, डिस्चार्ज घटणारच. बुशांना वंगण मिळत नाही ते वेगळेच. मग डिस्चार्ज कमी म्हणून पंप नापास! एका वाचकाला तर डिलिव्हरी पूर्ण बंद ठेवून पंप चालवून दाखवायला सांगितले गेले. आतल्या रिलीफ व्हॉल्व्हमधून तोच द्रव पंपातल्या पंपात फिरून किती तापतो, हे तपासणाऱ्याला कोणी शिकवलेच नाही का? अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने सेंट्रिफ्युगलसाठी ६१०, रेसिप्रोकेटिंगसाठी ६७४ आणि रोटरीसाठी ६७६ अशी निरनिराळी मानके केली आहेत. खरेदी विभागाने निदान त्यांची शीर्षके तरी वाचावीत.

पण खोटा आकडा भरणारे आपल्यातलेच आहेत. तो आकडा फाइलमध्ये राहतो. उद्या कोणी ऑपरेटर त्याच्या भरवशावर प्रवाह कमी करायला डिलिव्हरी आवळतो, रिलीफ व्हॉल्व्ह फडफडतो, आणि आवाज नको म्हणून कोणीतरी स्प्रिंग कसतो. प्रवाह कमी करायचा तर फेरे कमी करा किंवा बायपास द्या, हे सांगायची जबाबदारी आपली होती.

तेव्हा पंप-उत्पादकांनो, यापुढे निविदापूर्व बैठकीला जा आणि हरकत लेखी द्या. त्या रकान्यात रिलीफ व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब आणि पूर्ण बायपासचा दाब असे स्पष्ट शब्दांत लिहा. सोबत फेरे, विष्यंदिता आणि त्या विष्यंदितेचा डिस्चार्ज जोडा. चाचणी तेलावर मागा. आणि असे तक्ते, कारखान्याचे नाव खोडून, आमच्याकडे पाठवा. त्यांवरून रोटरी पंपाचा नमुना तक्ता तयार करून आम्ही तो कारखान्यांच्या मुख्य अभियंत्यांकडे पाठवणार आहोत. गाळप सुरू होण्याआधी तो त्यांच्या टेबलावर पोचला पाहिजे. पत्रे याच महिन्यात टाका.