जागा परक्याची, वही घरची

व्यापारी घराण्यातील मुलगा पेढीवर बसू लागला, की त्याला पहिला धडा वहीचा मिळतो. माल विकला जातो, भाव चढतात आणि उतरतात, प्रसंगी दुकानाची जागाही बदलावी लागते; परंतु ग्राहकाचे नाव, गाव आणि येणे-देणे ज्या वहीत लिहिलेले असते, ती वही कोणी दुसऱ्याच्या कपाटात ठेवत नाही. पिढ्यानपिढ्या पाळलेला हा नियम नव्या काळाच्या व्यवसायात मात्र सहज विसरला जातो.

गुजरीतील दागिन्यांचे नवे घाट, हुपरीच्या चांदीचे पैंजण, महाद्वार रोडवरील साड्या आणि कोल्हापुरी चपला यांचे ग्राहक आता मोबाईलच्या पडद्यावरही जमतात. घरातील सुना-मुली कांदा-लसणाशिवाय होणाऱ्या पाककृतींचे व्हिडिओ करतात, कोणी मेंदी शिकवते, कोणी करविषयक माहिती सोप्या भाषेत सांगतो. त्यातून घराला चार पैसे मिळू लागले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु हा सारा पसारा पुष्कळदा यूट्यूबवरील एका चॅनेलवर किंवा इन्स्टाग्रामवरील एका खात्यावर उभा असतो, आणि ती जागा परक्याची असते.

अशी जागा किती अवचित हातातून जाऊ शकते, हे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांच्या अनुभवावरून कळते. सत्तरीच्या या आजींनी नातवाच्या मदतीने 2020 साली ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केले. गावरान चवीच्या पाककृतींनी काही महिन्यांतच लाखो प्रेक्षक मिळवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते चॅनेल हॅक झाले. कष्टाने उभे केलेले सर्व काही एका दिवसात हाताबाहेर गेले. सुदैवाने काही दिवसांतच ते परत मिळाले. परंतु प्रत्येकाच्या वाट्याला हे सुदैव येईलच असे नाही.

येथे निदान गेलेली वस्तू परत मिळण्यासारखी होती. टिकटॉकच्या बाबतीत तेही नव्हते. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कितीतरी हौशी कलावंतांना त्याच ॲपने ओळख दिली होती. निर्णय राष्ट्रहिताचा होता आणि कलावंतांचा अपराध काहीच नव्हता. तरीही त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत दुरावले. विशेष म्हणजे इशारा आधीच मिळाला होता. एप्रिल 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे हे ॲप काही दिवस डाउनलोडसाठी उपलब्ध नव्हते. ज्यांनी त्या वेळी दुसरी वाट तयार केली, त्यांना पुढे सर्वस्वी नव्याने आरंभ करावा लागला नाही.

एक घर मोडल्यावर दुसऱ्या एकाच घरात सारे सामान हलविणे हाही उपाय नव्हे. बंदीनंतर एमएक्स टकाटक हे देशी ॲप आले आणि अनेक जण तिकडे गेले. 2022 साली त्याचे मोज या दुसऱ्या ॲपमध्ये विलीनीकरण जाहीर झाले. ॲप सुरू राहिले तरी मालक नियम बदलू शकतो. जानेवारी 2018 मध्ये यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नासाठी किमान 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिले जाण्याची अट घातली. त्यापूर्वी एकूण 10,000 वेळा पाहिले जाणे पुरेसे होते. लहान चॅनेलांचे उत्पन्न त्यामुळे थांबले, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती.

आणखी एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही ठिकाणी खाते असले, की आपण तीन ठिकाणी आहोत असे वाटते. वस्तुतः ही दुकाने तीन असली तरी जागामालक एकच आहे. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री ही तिन्ही सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडली. ज्यांची मागणी, चौकशी आणि जाहिरात या तिहींवरच होती, त्यांचे शटर त्या वेळेपुरते पूर्ण खाली आले.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. रस्ता चांगलाच होता, चूक कोणाची नव्हती. पण माल मात्र अडकून पडला.

म्हणून नव्या व्यवसायातही जुनीच शिस्त हवी. सर्वत्र धावण्याची आवश्यकता नाही. छोट्या कुटुंबाला ते झेपतही नाही. एक मुख्य ठिकाण असावे आणि वेगळ्या मालकाचे दुसरे असावे. प्रत्येक मूळ व्हिडिओ आणि छायाचित्र घरातील हार्ड डिस्कवर जपावे. स्वतःच्या नावाची साधी वेबसाइट असावी. तिचे नाव दरवर्षी शुल्क भरून आपल्याकडेच राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडद्यावर भेटलेल्या ग्राहकाचे नाव आणि फोन क्रमांक त्याच्या संमतीने आपल्या वहीत यावा. फॉलोअरची संख्या ॲपच्या मालकाकडे राहते. वहीतील ग्राहक मात्र आपला असतो. उत्पन्नही केवळ जाहिरातीचे नसावे. घरचा मसाला, वर्ग, सल्ला, प्रत्यक्ष विक्री यांची जोड असावी.

खाते कोणाच्या नावावर आहे, हेही पाहणे आवश्यक आहे. पुष्कळदा ते दुकानातील एखाद्या होतकरू मुलाच्या फोन क्रमांकावर उघडलेले असते. तो मुलगा दुसरीकडे नोकरीस गेला, की खात्याची किल्लीही त्याच्याबरोबर जाते, आणि मग उगाच मनात कटुता येते. खाते पेढीच्या ईमेलवर आणि क्रमांकावर असावे, दुहेरी पडताळणी सुरू असावी, आणि घरातील दोन जबाबदार व्यक्तींना त्याची माहिती असावी.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी येणी-देणी तपासली जातात, जुन्या नोंदी नव्या वहीत उतरविल्या जातात. त्याच दिवशी या खात्यांची यादीही एका पानावर लिहून ठेवावी: खाते कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, मूळ व्हिडिओ कोठे ठेवले आहेत, आणि उद्या ते बंद पडल्यास ग्राहकांना निरोप कसा जाईल. शेवटच्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तर वर्षभरातील पहिले काम तेच समजावे.