ढोली कोण कोरून देणार?

‘वादळाने मोडलेली पक्ष्यांची जंगले तशीच राहू द्या, निसर्ग सावरतो’ असे सांगणारे पत्र गेल्या अंकात वाचले. झाडांपुरते ते बरेचसे खरे. पक्ष्यांचे गणित वेगळे असते.

सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनावर आदळले. तिथले सुमारे ६३ टक्के रेड-कॉकेडेड सुतारपक्षी नष्ट झाले, ढोल्यांची जवळजवळ ८७ टक्के झाडे गेली. हा सुतार जिवंत, जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो आणि एकेका ढोलीला अनेकदा वर्षे लागतात. वर ढोलीभोवती टोचे मारून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप चढत नाही. काय हा बंदोबस्त! अशा पक्ष्याला ‘थांब, रोपे वाढताहेत’ म्हणायचे, तर ती जुनी होईपर्यंतची दशके त्याने रात्र काढायची कुठे?

वनाधिकाऱ्यांनी आणि संशोधकांनी वाचलेल्या झाडांच्या खोडांत खाचा पाडून लाकडी पेट्या बसवल्या, काही ढोल्या यंत्राने कोरूनही दिल्या. पक्षी त्यांत राहू लागले, पुढच्या काही वर्षांत संख्या पुन्हा वाढली. पत्रलेखकांना यात कृत्रिमपणा दिसेल, दिसो.

वृक्षारोपणाच्या फोटोंवरचा त्यांचा पत्रातला राग मात्र मला मान्य आहे. पेट्या बसवल्या की काम संपले, असेही नाही. खालची झुडपे माजू नयेत म्हणून तिथे ठरावीक काळाने नियंत्रित वणवा लावावा लागतो. पत्रात खर्चाचा मुद्दा काढायचाच होता, तर हाही खर्च त्यांनी धरायला हवा होता.

– एक वाचक, रत्नागिरी